रोज तपासणी होते, तरी गाडी त्याच दोषासाठी पुन्हा का अडते?

तपासणीच्या वहीत रोज 'सर्व ठीक' असे लिहिलेले असते, त्याखाली चालकाची सही असते, कागदांची फाईल केबिनमध्ये जागच्या जागी असते, आणि तरीही तीच गाडी महिना-दोन महिन्यांत तिसऱ्यांदा त्याच कारणासाठी रस्त्याच्या कडेला उभी राहते. मालवाहतुकीच्या धंद्यात ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बहुतेक मालक तिचे खापर चालकाच्या आळसावर फोडून मोकळे होतात. आळस हे कारण क्वचित असते. माझ्या अनुभवात तपासणी बहुतेक वेळा खरोखर झालेली असते, पण ती अशा वेळी झालेली असते की त्या वेळी दोष दिसूच शकत नाही. आणि कागदही पाहिलेले असतात, पण ते फाईलमध्ये आहेत की नाहीत एवढेच पाहिलेले असते, ही खेप संपेपर्यंत ते चालतील का हे कोणी पाहिलेले नसते.

मी काही वर्षे स्वतः गाडी चालवली आणि आता सांगलीहून नवी मुंबईच्या बाजारात बेदाणे व हळद नेणाऱ्या काही ट्रकांची देखभाल आणि कागदपत्रे पाहतो. पुढचे विवेचन मुख्यतः एका दहाचाकी गाडीभोवती फिरते, कारण तिने आम्हाला नऊ आठवड्यांत तीनदा अडवले आणि तिसऱ्या वेळी यंत्रातला दोष आणि कागदातला दोष एकाच रात्री एकमेकांत अडकले.

लक्षण काय होते

या गाडीचे ब्रेक टाक्यांत भरलेल्या हवेच्या दाबावर चालतात. पहाटे किल्ली फिरवली की त्या हवेचा दाब कमी असल्याचा इशारा वाजत असे. रात्री आठला गाडी उभी करताना दाब दाखवणारे दोन्ही काटे आठ बारच्या (बार हे दाबाचे माप) आसपास असत आणि पहाटे पाचला ते चारच्या खाली गेलेले असत. चालक इंजिन चालू ठेवून चहा घेई, दहा-बारा मिनिटांत हवा भरे, इशारा थांबे, मग तो गाडीभोवती फेरी मारून दिवे, टायर आणि ब्रेक पाही आणि वहीत 'ब्रेक ठीक' असे लिही. ते खोटे नव्हते. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर गळतीपेक्षा कितीतरी जास्त हवा भरत असतो, त्यामुळे काटा हलत नाही, आणि गळतीची फुसफुस इंजिनाच्या आवाजात बुडून जाते.

दोनदा गाडी गॅरेजात नेली. दोन्ही वेळा ती दुपारी, खेपेहून परतताना, तापलेल्या अवस्थेत तिथे पोहोचली. मिस्त्रीने सांध्यांना साबणाचे पाणी लावले, एक-दोन नट आवळले आणि काही सापडत नाही असे सांगितले. त्याचीही चूक नव्हती, कारण रबरी नळ्या आणि ओ-रिंगा थंडीत कडक होतात व गरम झाल्यावर पुन्हा नीट बसतात, त्यामुळे पहाटेची गळती दुपारी हजर राहीलच असे नाही.

तिसऱ्या वेळी मात्र खेड शिवापूर मागे टाकल्यावर प्रत्येक ब्रेकबरोबर काटा नेहमीपेक्षा जास्त उतरतो आहे आणि पाय पेडलवर ठेवला की तो उतरतच राहतो, हे चालकाच्या लक्षात आले. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या अलीकडे मोकळी जागा पाहून त्याने गाडी बाजूला घेतली आणि मला फोन केला. त्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार ज्याने भरलेली गाडी घेऊन उतरला आहे, त्याला या निर्णयाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

गळती शोधण्याचा क्रम

पहिली गोष्ट म्हणजे मिस्त्रीला पहाटे गाडीजवळ बोलवावे, किंवा गाडी आदल्या रात्रीच गॅरेजात उभी करून ठेवावी. हवा भरण्यासाठी इंजिन दहा मिनिटे चालवले तरी चाकांजवळचे भाग थंडच राहतात, आणि आपल्याला तेच हवे असते. गाडी सपाट जागेवर घ्यावी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, हवेतला ओलावा काढणारा ड्रायर जोरात हवा सोडेपर्यंत दाब पूर्ण भरू द्यावा आणि इंजिन बंद करावे. इथून पुढची तपासणी तीन अवस्थांत करायची असते, आणि या तीन अवस्था वेगळ्या न ठेवल्यामुळेच आमचे नऊ आठवडे वाया गेले.

पहिल्या अवस्थेत हँडब्रेक लावलेला असतो आणि पेडलला हात किंवा पाय लागलेला नसतो. अशा स्थितीत हवा उतरत असेल तर दोष टाक्यांत, त्यांच्या खालच्या, साचलेले पाणी सोडण्याच्या ड्रेन कॉकमध्ये, ड्रायरमध्ये, टाक्यांपर्यंतच्या नळ्यांत किंवा हँडब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. शिवाय हवेवर चालणारा हॉर्न, क्लच दाबायला हवेचा जोर देणारा सर्व्हो अशा जोडकामांतूनही ती जात असते, आणि तिथे कोणी सहसा पाहत नाही. दुसऱ्या अवस्थेत हँडब्रेक सोडायचा. हँडब्रेक लावलेला असताना मागच्या चाकांच्या स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरमधली (ब्रेकच्या डब्यातली) हवा बाहेर गेलेली असते आणि स्प्रिंगच ब्रेक धरून ठेवते. तो सोडला की तिथे हवा भरली जाते, त्यामुळे त्या चेंबरची किंवा त्याच्या नळीची गळती आता प्रथमच दिसू लागते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ही गळती कितीही निरखून पाहिली तरी दिसणार नाही. तिसऱ्या अवस्थेत पेडल पूर्ण दाबून धरायचे. दाबताच काटा एकदा खाली येतो, ते स्वाभाविक आहे. त्यानंतर तो स्थिर राहतो की उतरतच राहतो, हे पाहायचे. या वेळी उतरणारी हवा पेडलखालच्या फूट व्हॉल्व्हमधून, चाकाजवळच्या नळीतून किंवा ब्रेक चेंबरच्या फाटलेल्या डायफ्राममधून, म्हणजे आतल्या रबरी पडद्यातून, जात असते.

किती उतरली म्हणजे जास्त, असा प्रश्न चालक नेहमी विचारतात. अमेरिकेत अवजड वाहनांच्या चालकांची जी परीक्षा होते, तिच्यात एकसंध ट्रकसाठी पेडल न दाबता मिनिटाला दोन पीएसआय (दाबाचे तिकडचे माप) आणि पेडल दाबून मिनिटाला तीन पीएसआय इतकी घट चालते. ट्रेलर जोडलेला असेल तर हेच आकडे तीन आणि चार होतात. बारमध्ये सांगायचे तर दोन पीएसआय म्हणजे साधारण ०.१४ आणि तीन पीएसआय म्हणजे साधारण ०.२. आपल्या काट्यावर इतका बारीक फरक वाचता येत नाही, म्हणून मी पेडल न दाबता पाच मिनिटे थांबतो आणि त्यात पाऊण बारच्या आसपास घट झाली तर गाडी बाहेर सोडत नाही. पेडल दाबून मात्र मी एकच मिनिट मोजतो, आणि पहिल्या उतारानंतर काटा नुसत्या डोळ्यांना हलताना दिसला तरी तो दोष धरतो.

आता आमच्या गाडीचा हिशेब पाहा. नऊ तासांत साडेचार बार घट म्हणजे मिनिटाला बारच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. म्हणजे ज्या पहाटेच्या इशाऱ्यामागे आम्ही सगळे लागलो होतो, ती गळती या मापाने अगदीच किरकोळ होती. एका टाकीच्या ड्रेन कॉकमध्ये बारीक खडा अडकला होता आणि कॉक बदलल्यावर ती थांबली. धोक्याची गळती दुसरीच होती. मागच्या उजव्या चाकाच्या ब्रेक चेंबरचा डायफ्राम चिरला होता आणि तो फक्त पेडल दाबल्यावर हवा सोडत होता. पहिल्या गळतीमुळे रोज इशारा वाजे, म्हणून सर्वांचे लक्ष तिकडे. दुसरी सापडायला एक माणूस केबिनमध्ये पेडल धरून आणि दुसरा चाकाशी कान लावून हवा, तर चालक पहाटे एकटा. आमच्याकडे क्लीनर ठेवणे बंद होऊन बराच काळ झाला आहे. त्यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे: पेडल आणि सीट यांच्या मध्ये मापाची लाकडी दांडी अडकवायची आणि गाडीभोवती फिरून ऐकायचे. दांडी काढून सीटखाली ठेवल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही, असा नियमही सोबत करावा लागला, कारण पहिल्याच आठवड्यात एकाने ती तशीच ठेवून इंजिन सुरू केले होते.

दोन काट्यांकडे वेगवेगळे पाहण्याची सवयही लावून घ्यावी. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे हवेचे मार्ग स्वतंत्र असतात, त्यामुळे एकच काटा उतरत असेल तर निम्मी गाडी तपासण्याचे श्रम वाचतात. टाक्यांचे ड्रेन कॉक उघडल्यावर पाण्याचे चार थेंब आले तर त्यात विशेष नाही, पावसाळ्यात ते येतातच. पण रोज पाणी येऊ लागले तर ड्रायरमधले काडतूस बदलण्याची वेळ झाली आहे असे समजावे, आणि काळपट तेल किंवा दुधासारखा चिकट द्रव आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे. असे तेल पुढे व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवते, म्हणून नुसते काडतूस बदलून काही काळाने तोच खर्च पुन्हा करण्यापेक्षा आधी कॉम्प्रेसर पाहावा.

यार्डात धरतो आणि घाटात सुटतो असा ब्रेक

हवा पूर्ण असूनही बोरघाट उतरताना ब्रेक मऊ पडतो आणि खाली आल्यावर गॅरेजात तो उत्तम लागतो, ही दुसरी पुन्हा पुन्हा येणारी तक्रार आहे. तिचे कारण हवेत नसून उष्णतेत असते. चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापला की तो फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर जातो. मग चेंबरच्या दांड्याला तेवढे जास्त अंतर चालावे लागते. हे अंतर जुळवून ठेवणारा स्लॅक ॲडजस्टर आधीच सैल असेल तर दांड्याची चाल संपते आणि चाकावर पुरेसा जोर येत नाही. थंड गाडीत हेच अंतर भागून जाते. म्हणून ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून, दांड्यावर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करावी, पेडल दाबून खूण किती पुढे आली ते मोजावे आणि चारही-सहाही चाकांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत. एकाच धुऱ्याच्या दोन चाकांत ठळक फरक असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणारच. आपोआप जुळणारे ॲडजस्टर असतील तर ते पाना घालून वारंवार आवळू नयेत. ते वारंवार आवळावे लागत असतील तर ॲडजस्टर तरी निकामी झालेला असतो, नाहीतर बुश, कॅम किंवा लायनर तरी झिजलेले असते, आणि आवळल्याने तो दोष दोन दिवस झाकला जातो इतकेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्या चालकाच्या बाबतीत वरची कोणतीही तपासणी उपयोगाची नाही. गिअर सोडला की इंजिनाची रोध करण्याची ताकद आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) दोन्ही जातात, सगळा भार ड्रमवर येतो, आणि ड्रम तापल्यावर काय होते ते वर सांगितलेच आहे. कोणी तर इंजिनच बंद करतो. मग कॉम्प्रेसरही थांबतो. ज्या मालकाच्या हिशेबात कमी डिझेल लागले म्हणून चालकाला बक्षीस मिळते, त्याने उतारावरच्या न्यूट्रलबद्दल चालकाला जाब विचारताना स्वतःची ती योजनाही समोर ठेवावी.

टायर आणि नटांबद्दल थोडक्यात. जोडचाकातला आतला टायर लोखंडी रॉड मारून तपासणे ही जुनी रीत आहे आणि तिने पूर्ण बसलेला टायर कळतो, पण वीस-पंचवीस टक्के कमी हवा कळत नाही. गेज हवे, आणि टायर थंड असतानाच लावायला हवे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमात बसत नाही, परंतु पावसात त्याच्या पुष्कळ आधीच पकड कमी झालेली असते. चाक काढून बसवले असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत आणि नटाखालून गंजाचा ओघळ निघालेला दिसला तर तो नट सैल आहे असेच धरावे. दिव्यांची तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर बल्ब बदलत बसू नये. बहुतेक वेळा चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार गंजलेली असते.

कागद: तारीख आजची नव्हे, परतीची पाहावी

कात्रजच्या त्या रात्रीकडे परत येतो. माल शंभर पोत्यांहून अधिक, अंतर दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त आणि चारशेपेक्षा कमी. व्यापाऱ्याने आठवड्याचे काम संपवायचे म्हणून शनिवारी संध्याकाळीच गाडीच्या क्रमांकासह ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल रस्त्याने नेण्यासाठी लागणारी ऑनलाइन नोंद, काढून दिले. रविवारी हमाल नव्हते. सोमवारी सकाळी गाडी भरली, अकराला निघाली, आणि संध्याकाळी बोगद्याच्या अलीकडे उभी राहिली.

ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक दिवस अशी असते. १ जानेवारी २०२१ पूर्वी ती शंभर किलोमीटरला एक दिवस होती, आणि जुने चालक अजूनही त्याच हिशेबाने बोलतात. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे शनिवारी काढलेल्या बिलाचा पहिला दिवस रविवारी मध्यरात्री संपला आणि दुसरा, शेवटचा दिवस सोमवारी मध्यरात्री. गाडी नादुरुस्त झाली नसती तर ती रात्री दहापर्यंत बाजारात पोहोचली असती आणि कोणाला काही कळलेही नसते. मिस्त्रीने डायफ्राम बदलला तेव्हा मंगळवारची पहाट झाली होती.

अशा वेळी उपाय असतो. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून ती संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाहतूकदाराला कारण आणि गाडीचे सध्याचे ठिकाण नोंदवून मुदत वाढवून घेता येते. आमच्या हातात मंगळवारी सकाळी आठपर्यंतचा वेळ होता. चालकाला वाटले की हे काम बुकिंग ऑफिसचे आहे, ऑफिस दहाला उघडते, आणि मी रात्रभर फक्त डायफ्रामचा विचार करत होतो. अकराच्या सुमारास पनवेलजवळ गाडी तपासणीसाठी थांबवली गेली. अशा प्रकरणात मालाचा मालक पुढे आला तर कराच्या दुप्पट दंड भरून माल सुटतो, ही कायद्यातली तरतूद मी तोवर फक्त वाचली होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे तीन गोष्टी बदलल्या. गाडी भरून ताडपत्री बांधली जाईपर्यंत बिलात गाडीचा क्रमांक टाकायचा नाही, कारण मुदत तो पहिल्यांदा टाकल्यापासून धावू लागते. गाडी वाटेत दोन तासांहून अधिक काळ थांबणार असे दिसले की चालकाने मिस्त्रीच्या आधी मुदतीची वेळ पाहून मला कळवायची. आणि माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला तर ती गाडी हलण्यापूर्वी नवा क्रमांक बिलात नोंदवायचा. बिल्टी (वाहतूकदाराची मालपावती) आणि बीजक बरोबर असूनही केवळ क्रमांक न जुळल्यामुळे अडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. महाराष्ट्राच्या आत मालाची किंमत एक लाख रुपयांपर्यंत असेल तर ई-वे बिलाची गरज नसते, मात्र राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ही मर्यादा पन्नास हजारांची आहे. त्यामुळे सांगली-बेळगाव अशी जवळची खेप करणाऱ्यांनी अंतर कमी म्हणून निर्धास्त राहू नये.

गाडीच्या स्वतःच्या कागदांत गोंधळ होतो तो प्रत्येकाची मुदत निराळी असल्यामुळे. पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र, नव्या गाडीला दोन वर्षांचे असते, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला पुढेही दोन-दोन वर्षांचे मिळते आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. त्यामुळे गाडी आठ वर्षांची होते त्या वर्षी हमखास चूक होते, कारण सर्वांच्या डोक्यात दोन वर्षांचे चक्र बसलेले असते. पीयूसी बीएस ४ आणि बीएस ६ गाड्यांना वर्षाची, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची. नॅशनल परमिट असेल तर त्याचे अधिकारपत्र दर वर्षी शुल्क भरून नव्याने घ्यावे लागते, आणि परमिटची मूळ मुदत लांबची असल्यामुळे तेच नेमके विसरले जाते. व्यावसायिक वाहन चालवण्याचा चालकाचा परवाना २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी मिळतो, पण जुन्या तीन वर्षांच्या हिशेबामुळे काही जण विनाकारण घाबरतात आणि काही जण तारीख पाहतच नाहीत.

यावर मी केलेला उपाय असा की फाईलच्या पहिल्या पानावर सर्व कागदांची यादी न लावता फक्त एकच तारीख मोठ्या अक्षरांत लिहायची: सर्वांत आधी संपणाऱ्या कागदाची. खेप ठरवताना गाडी परत केव्हा येणार ती तारीख त्या तारखेशी ताडून पाहायची आणि मध्ये आठ दिवसांहून कमी अंतर असेल तर खेप दुसऱ्या गाडीला द्यायची. पीयूसी वाटेतल्या कोणत्याही अधिकृत केंद्रावर काढता येते, पासिंगसाठी आधी वेळ घ्यावी लागते. म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजून चालत नाही.

डिजिलॉकर आणि एमपरिवहन या ॲपमधले कागद मूळ कागदांच्या बरोबरीचे मानले जातात, पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे तसा कागद नव्हे. हा भेद अनेकांना दंड भरल्यावर कळतो. विमा भरूनही ॲपमध्ये जुनीच तारीख दिसते, ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर पॉलिसीवरचा चेसिस क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकेक अक्षर जुळवून पाहावा. आमच्या एका गाडीत शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची अदलाबदल झाली होती आणि विमा कंपनीने दुरुस्ती करून दिल्याशिवाय नोंद वर चढली नाही. तोपर्यंत छापील पॉलिसी जवळ ठेवणे एवढेच हातात होते.

काटा पावती, म्हणजे वजनकाट्यावर मिळणारी वजनाची पावती, मी कागदातच धरतो, जरी बहुतेकांच्या लेखी ती भाड्याच्या हिशेबाची गोष्ट असली तरी. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल सापडला तर वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवणे, अशी शिक्षा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये आहे. पण दंड बाजूला ठेवला तरी वरचा घाटाचा परिच्छेद पुन्हा वाचावा. ड्रमला नोंदणी प्रमाणपत्रावरचे वजन माहीत नसते, त्याला गाडीवर प्रत्यक्ष आहे तेवढे वजन थांबवायचे असते.

वही बदलली नाही तर दोष बदलत नाही

आमच्या जुन्या वहीत प्रत्येक गोष्टीसमोर बरोबरची खूण करायची जागा होती. खूण करायला विचार लागत नाही. नव्या वहीत खुणा काढून टाकल्या आणि आकडे मागितले: रात्री गाडी लावताना दोन्ही काट्यांवर किती हवा होती, पहाटे किल्ली फिरवण्याआधी किती राहिली, पेडल एक मिनिट दाबून धरल्यावर किती उतरली, ड्रेनमधून पाणी आले की तेल. गाडीच्या काट्यांना किल्ली लागत असेल तर किल्ली पहिल्या टप्प्यावर ठेवून, इंजिन न लावता वाचायचे. आकडा लिहायचा म्हटले की पाहावाच लागतो, आणि आठवडाभराचे आकडे एकाखाली एक आले की वाढत जाणारी गळती मिस्त्रीला न दाखवताही ओळखता येते. आमच्या त्या गाडीचे आकडे असे लिहिले असते तर पहाटेची घट नऊ आठवडे जवळपास तेवढीच राहिली आहे आणि पेडल दाबल्यावरची घट मात्र वाढते आहे, हे दुसऱ्याच आठवड्यात दिसले असते.

दुसरा बदल असा की लिहिलेला दोष रोज नव्याने लिहायचा नाही. तो एका ओळीत उघडा राहतो आणि कोणता भाग बदलला, कोणी बदलला व गाडी तेव्हा थंड होती की गरम, हे लिहिल्याशिवाय ती ओळ बंद होत नाही. 'पाहिले, ठीक आहे' या शब्दांनी ओळ बंद करण्यास मनाई आहे. एकच दोष तिसऱ्यांदा उघडला तर गाडी त्याच गॅरेजात, त्याच वेळी आणि त्याच अवस्थेत पुन्हा न्यायची नाही. यांपैकी निदान एक गोष्ट बदलायची.

चालकांची यावर एक रास्त हरकत होती की या सगळ्याला पहाटे वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागतात आणि भाडे तर किलोमीटरवर मिळते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने गाडी ताब्यात घेणे, नोंदवह्या भरणे आणि गाडीची निगा ही कामे गाडी धावत नसतानाची असली तरी कामाच्या तासांतच धरली होती, हे मी मालकांना दाखवले. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तपासणीसाठी प्रत्येक खेपेला ठराविक रक्कम भत्त्यात धरण्याचे ठरले. रक्कम फार मोठी नाही, पण ती पूर्ण भरलेल्या पानाच्या बदल्यातच मिळते.

वही कार्बनची आहे. वरचे पान चालक निघताना यार्डातल्या खिळ्याला लावून जातो आणि खालचे गाडीत राहते, म्हणजे वाटेत कुठे फोन लागला नाही तरी ही गाडी कोणत्या उघड्या दोषासह आणि कोणत्या सर्वांत जवळच्या तारखेसह बाहेर पडली आहे, हे यार्डात बसलेल्या माणसाला फाईल न उघडता वाचता येते.